मैदान बदललं म्हणून काय झालं?

बाईच्या बाबतीत आपण 'धरसोड' हा शब्द फार पटकन वापरतो. नोकरी सोडून शिवणाचा क्लास काढला, की धरसोड. क्लास बंद करून चाळिशीत कायद्याला प्रवेश घेतला, की आणखी मोठी धरसोड. पुरुषाने तीन धंदे बदलले तर तो 'धडपड्या'. बाईने दोन बदलले, की 'तिचं काही खरं नाही बाई, एका जागी टिकतच नाही!' माझ्या ओळखीतल्या एका मुलीने अलीकडेच खो-खो सोडून भालाफेक धरली. तिच्या आजीने मला चक्क विचारलं, "आता उद्या ही काय सोडणार नि काय धरणार?" आजींना मी तेव्हा एका बाईची गोष्ट सांगितली. ती आज तुम्हालाही सांगावीशी वाटते, कारण 'सोडणं' आणि 'धरणं' यात मधे कोण कोण उभं असतं, ते या गोष्टीत स्वच्छ दिसतं.

तिचं नाव मिल्ड्रेड डिड्रिकसन. सगळं जग तिला 'बेब' म्हणायचं. जन्म २६ जून १९११, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात पोर्ट आर्थर गावी. आईवडील नॉर्वेहून आलेले, वडील सुतारकाम करणारे. घरात सात भावंडं, त्यात ही सहावी. पुढे कुटुंब बोमाँट नावाच्या गावात राहायला गेलं. पैशाची ओढाताण होती, पण वडिलांना मुलांच्या व्यायामाची फार हौस. जुन्या झाडूच्या दांड्याच्या दोन टोकांना कपड्यांच्या जड इस्त्र्या बांधून त्यांनी परसात वजनं उचलायची सोय केली होती. आणि ती फक्त मुलग्यांसाठी नव्हती हं! बेब गल्लीतल्या घरांची झुडपांची कुंपणं ओलांडत पळायची. एक कुंपण बाकीच्यांपेक्षा उंच होतं, तर त्या घरमालकांना गळ घालून तिने ते कापून घेतलं, असं तिने आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय. अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव हा असा झाला.

१९३० साली डॅलसच्या एका विमा कंपनीने तिला महिना ७५ डॉलरवर लघुलेखक म्हणून नोकरी दिली. खरं कारण होतं कंपनीचा महिला बास्केटबॉल संघ. त्या काळात कंपन्या असे संघ बाळगायच्या, जाहिरातीसाठी. १९३१मध्ये या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मग उन्हाळ्यात करायचं काय म्हणून कंपनीने अ‍ॅथलेटिक्सचं पथक काढलं आणि बेबच्या हातात पहिल्यांदा भाला आला. दिवसभर कचेरी, संध्याकाळी सराव, काळोख पडेपर्यंत.

१९३२च्या जुलैमध्ये शिकागोजवळ इव्हान्स्टनला राष्ट्रीय स्पर्धा होती, तीच ऑलिम्पिकची निवड चाचणी. कंपनीने संघ म्हणून पाठवलं कुणाला? एकट्या बेबला! संघांची नावं पुकारली जात होती. वीस-बावीस मुलींचे घोळके पुढे येत होते आणि मग ही एकटी. तीन तासांच्या आत ती आठ प्रकारांत उतरली. गोळाफेक, भालाफेक, लांब उडी, ८० मीटर अडथळा शर्यत आणि बेसबॉल फेक हे पाच प्रकार तिने जिंकले, उंच उडीत जीन शायलीबरोबर पहिला क्रमांक विभागून मिळवला. तिचे एकटीचे ३० गुण झाले. दुसऱ्या आलेल्या इलिनॉयच्या संघात २२ मुली होत्या आणि त्यांचे मिळून २२ गुण होते.

आता वाटेल, की लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तिने पदकांची रासच लावली असेल. पण तिथे नियम होता, की बाईने जास्तीत जास्त तीन वैयक्तिक प्रकारांत भाग घ्यायचा. शिवाय बायकांसाठी मुळात प्रकार होते किती? वैयक्तिक पाच आणि एक रिले. गोळाफेक आणि लांब उडी हे बेबचे हुकमी प्रकार, पण ते ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी आले थेट १९४८ साली. १९२८मध्ये बायका ८०० मीटर धावल्यावर 'हे त्यांना झेपत नाही' अशी ओरड झाली आणि ती शर्यत १९६०पर्यंत बंदच राहिली. कुणाच्या अंगात किती ताकद आहे हे त्या मैदानावर नव्हे, बैठकीच्या खोलीत ठरत होतं.

तरीही तिने काय केलं बघा. बायकांची भालाफेक त्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आली होती. पहिल्याच फेकीत भाला तिच्या हातून जरा निसटला, म्हणून तो उंच न जाता सरळ रेषेत गेला आणि ४३.६९ मीटरवर पडला. दुसऱ्या आलेल्या जर्मन मुलीपेक्षा वीस सेंटिमीटर पुढे. ऑलिम्पिकमधली पहिली महिला भालाफेक विजेती कोण, तर ही. मग ८० मीटर अडथळा शर्यतीत ११.७ सेकंदांचा विश्वविक्रम करून दुसरं सुवर्ण. उंच उडीत पुन्हा जीन शायलीशी बरोबरी झाली, दोघींचा विश्वविक्रम झाला, पण पंच म्हणाले, हिचं डोकं शरीराच्या आधी दांडीपलीकडे जातं, ही पद्धत नियमात बसत नाही. म्हणून रौप्य. धावणं, फेकणं आणि उडी या तिन्हींत वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवलेली ती आजही एकमेव खेळाडू आहे, पुरुष आणि बायका दोन्ही धरून.

तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. भालाफेक तिने त्यानंतर का सोडली? इथेच आपला 'धरसोड' शब्द अडखळतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत तिचा फोटो आणि नाव झळकलं. मी परवानगी दिली नव्हती, असं ती सांगत राहिली, पण हौशी खेळाडूंच्या संघटनेने तिला निलंबित केलं. नंतर निलंबन मागे घेतलं खरं, पण तोवर तिने ठरवलं होतं, की पैसे घेऊनच खेळायचं. आणि का ठरवू नये? सुवर्णपदक दाखवून वाण्याकडे उधारी मिटत नाही. घरी पैसे पाठवायचे होते. हौशी खेळाडू राहायला मागे घरचा पैसा लागतो, ही गोष्ट नियम करणाऱ्या श्रीमंतांच्या कधी लक्षातच आली नसावी.

मग पुढची काही वर्षं तिने मिळेल ते केलं. शिकागोत रंगमंचावर जाऊन माउथ ऑर्गन वाजवला, सरकत्या पट्ट्यावर धावून दाखवलं. गावोगाव फिरणारा स्वतःच्या नावाचा बास्केटबॉल संघ काढला. १९३४मध्ये दाढीवाल्या पुरुषांच्या 'हाउस ऑफ डेव्हिड' या बेसबॉल संघाबरोबर फिरली. ऑलिम्पिक विजेती, आणि सर्कशीतल्यासारखी नुमाइश! हे वाचताना मला वाईट वाटतं, पण तिला वाटत होतं का, कोण जाणे. घरच्यांचं पोट भरत होतं, हे तिच्या लेखी मोठं असणार.

पैसा एकीकडे, वर्तमानपत्रं दुसरीकडे. तिचे आखूड केस, दंड, चालणं, सगळ्यावर लिहून येत होतं. न्यूयॉर्कच्या एका नामवंत क्रीडा लेखकाने तर लिहिलं, की या आणि अशा बायकांनी घरी बसावं, नटावं आणि फोन वाजायची वाट बघावी, ते जास्त बरं. ही बाई आहे की पुरुष, असली कुजबुजही चालायची. मैत्रिणींनो, नव्वद वर्षं होऊन गेली. तरी आजही एखादी धावपटू जरा रुंद खांद्यांची निघाली, की पहिली चर्चा कशाची होते, ते तुम्ही मला सांगा.

आणि मग गोल्फ. सुताराची मुलगी आणि गोल्फ! हा खेळ म्हणजे बड्या क्लबांचा, हिरवळीवरच्या चहापानाचा. बेब लॉस एंजेलिसला एका शिक्षकाकडे शिकायला लागली. दिवसाला हजार-हजार चेंडू मारायची, हातातून रक्त यायला लागलं की पट्ट्या चिकटवून पुन्हा मारायची, असं तिने लिहिलंय. १९३५मध्ये ती टेक्सासच्या महिला हौशी स्पर्धेत उतरली, तर क्लबमधल्या एका प्रतिष्ठित खेळाडूबाईंनी जाहीरपणे म्हटलं, की ट्रक ड्रायव्हरांच्या मुली आम्हाला इथे नकोत. वडील सुतार होते, ट्रक ड्रायव्हर नव्हते, पण बाईंना म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. अंतिम सामना त्याच बाईंशी झाला आणि बेबने तो जिंकला.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. प्रत्यक्षात काय झालं? अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने लगेच निर्णय दिला, की तू इतर खेळांत पैसे घेतलेस, म्हणजे व्यावसायिक, म्हणून हौशी स्पर्धा तुला बंद. आणि बायकांच्या व्यावसायिक स्पर्धा तेव्हा होत्याच किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यासुद्धा नाहीत. पुढे तिने टेनिसही शिकून पाहिलं. तिथेही तेच उत्तर. म्हणजे एक दार उघडावं, आत पाऊल टाकावं आणि कुणीतरी येऊन म्हणावं, 'अहो, तुम्ही मागच्या घरात पैसे घेतले होते ना?'

अशी बाई खेळ बदलते तेव्हा तिला चंचल म्हणायचं की चिवट, हे आपण आपल्या मनाशी ठरवावं. माझं मत झालंय.

१९३८मध्ये पुरुषांच्या लॉस एंजेलिस ओपन स्पर्धेत तिची जोडी लागली जॉर्ज झहारियस नावाच्या कुस्तीगीराबरोबर. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचं लग्न झालं. नवऱ्याची कमाई चांगली होती, म्हणून गोल्फमधून एक पैसाही न घेता तिला काही वर्षं थांबता आलं आणि १९४३मध्ये तिला हौशी दर्जा परत मिळाला. हेही लक्षात ठेवा हं, पात्रता तीच, हात तेच. दार उघडलं ते घरात दुसरी कमाई आल्यावर.

याच काळात तिचं रूपही बदललं. केस वाढवले, लिपस्टिक आली, फ्रॉक आले. फोर्टवर्थच्या बर्था बोवेन या मैत्रिणीने तिला दुकानात नेऊन कपडे घेऊन दिले. मग तीच वर्तमानपत्रं कौतुकाने लिहायला लागली, की बघा, बेब आता कशी 'बाई' झाली! काही अभ्यासक म्हणतात, तिने शरणागती पत्करली. मला ते तितकंसं पटत नाही. तिला शिवणाची मुळातच आवड होती, आणि नटणं हा काही गुन्हा नव्हे. पण खेळायला मिळावं म्हणून नटावं लागणं, हे मात्र मला खुपतं. पुरुष खेळाडूला कुणी कधी म्हटलंय का, की आधी जरा नीटनेटका दिस, मग तुझा खेळ बघू?

१९४६मध्ये ती अमेरिकेची हौशी विजेती झाली. १९४७मध्ये स्कॉटलंडमधल्या गलन इथे ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकणारी पहिली अमेरिकन ठरली. नंतर ती पुन्हा व्यावसायिक झाली आणि या वेळी दार उघडायची वाट बघत बसली नाही. १९५०मध्ये तेरा जणींनी मिळून बायकांची व्यावसायिक गोल्फ संघटना स्थापन केली, तीच आजची एलपीजीए. बेब त्या तेरांपैकी एक. ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, तेव्हा ज्या घरात गोल्फचं 'गो'सुद्धा माहीत नव्हतं तिथेही लोक भल्या पहाटे टीव्हीपुढे बसले होते. अदिती ज्या एलपीजीए दौऱ्यावर खेळते तो या तेरा बायकांनी उभा केलेला आहे. धरसोड करणारीने धरलेलं काय टिकलं, ते असं दिसतं.

आता एक कडू गोष्ट. बेब काही देवी नव्हती. बढाया मारायची, सहकारी मुलींना टोमणे मारायची, 'दुसरी कोण येणार ते ठरवा' असल्या थाटात मैदानात उतरायची. १९३२च्या अमेरिकन पथकात टिडी पिकेट आणि लुईझ स्टोक्स या दोन कृष्णवर्णीय धावपटू होत्या. लॉस एंजेलिसला जाताना आगगाडीत बेबने आपल्या अंगावर बर्फाचं पाणी ओतलं, असं पिकेटने पुढे सांगितलं. त्या दोघींना रिलेत धावायलाही मिळालं नाही, त्यांच्या जागी गोऱ्या मुली धावल्या. जिला 'तू आमच्यातली नाहीस' हे पुढे क्लबच्या दारात ऐकून घ्यावं लागलं, तिनेच आपल्याहून खालच्या पायरीवर ठेवलेल्यांना तसं वागवलं. मोठ्या बायकांच्या गोष्टी मुलींना सांगताना आपण असली पानं फाडून टाकतो. मला वाटतं, फाडू नयेत. अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे मुलींना लहानपणीच कळलेलं बरं.

शेवटचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. १९५३च्या एप्रिलमध्ये तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटाला पिशवी लागली. डॉक्टरांना आढळलं होतं, की रोग गाठींमध्ये पसरलाय. हे त्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, बेटी डॉड या तिच्या तरुण गोल्फपटू मैत्रिणीला सांगितलं. बेबला सांगितलं नाही! वाचताना मी थबकले. आपल्याकडच्या किती घरांत हे घडतं. बाईच्या शरीरातलं काय ते सगळ्या घराला माहीत असतं, तिला सोडून. 'धीर खचेल तिचा' म्हणून. धीराच्या बाबतीत बेबला कुणी शिकवायची गरज होती का?

ही बेटी डॉड हॉस्पिटलात तिच्या खोलीत खाट टाकून झोपली. नंतरही तिच्याच घरी राहिली, पिशवीची उस्तवार केली, गिटार वाजवून तिच्या माउथ ऑर्गनला साथ दिली. त्या दोघींच्या नात्याला नाव द्यायची सोय त्या काळात नव्हती, आत्मचरित्रातही बेबने दिलं नाही. आपण तरी घाई कशाला करा? शेवटची वर्षं तिला कुणी सांभाळलं, हे मात्र लिहून ठेवायला हवं.

ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांत ती पुन्हा स्पर्धेत उतरली. आणि १९५४मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडी इथे यूएस विमेन्स ओपन तिने जिंकली, तीही बारा फटक्यांच्या फरकाने, पोटाला पिशवी लावलेली असताना. ज्या काळात कॅन्सर हा शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारायचे, त्या काळात ही बाई रेडिओवर, टीव्हीवर स्वतःच्या आजाराबद्दल बोलत होती, लोकांना वेळेवर तपासणी करून घ्या म्हणून सांगत होती. १९५५मध्ये आजार उलटला. तेव्हाही तिने आपल्या नावाने कॅन्सरसाठी निधी उभा केला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला ती गेली. वय अवघं पंचेचाळीस. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पत्रकार परिषदेत तिला श्रद्धांजली वाहिली. अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळायला मात्र २०२१ साल उजाडलं.

आपल्या आसपास बघा. लग्नाआधी कबड्डी खेळणाऱ्या, लग्नानंतर 'आता पुरे' ऐकून थांबलेल्या कितीतरी जणी असतील. त्यांच्यापैकी एखादी पंचेचाळिशीत सकाळी धावायला लागते, तर सोसायटीत लोक हसतात, 'हे काय नवीन खूळ?' ते खूळ नसतं हो. तिच्या अंगात जी ताकद तेव्हा वापरायची राहिली, ती अजून जागा शोधत असते. बेबला परसात दोन इस्त्र्या बांधून देणारा बाप मिळाला, पुढे पैशाचा आधार मिळाला, आजारात उशाशी बसणारी मैत्रीण मिळाली. यातलं काही आपण कुणाला तरी देऊ शकतो. निदान कुंपण थोडं कापून द्यायला काय हरकत आहे?

खो-खो सोडणाऱ्या त्या मुलीच्या आजींना मी एवढंच म्हटलं, की तिने काय सोडलं ते मोजू नका; सोडावं का लागलं, ते तिला एकदा शांतपणे विचारा. आजी म्हणाल्या, "शाळेतला मुलींचा संघच बंद केला म्हणे." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं."

सांगितलं नव्हतं की कुणी विचारलंच नव्हतं?